पणजोबांचा एकर

"उत्तर चुकलंय," मी म्हटलं आणि रिमोटनं व्हिडिओ थांबवला.

टीव्हीवरची प्रांजल इंगवले तोंड अर्धवट उघडं ठेवून थांबली. खरी प्रांजल टीव्हीशेजारी उभी होती, तोंड घट्ट मिटून. तिच्या एका बाजूला बिरू बंडगर, दुसऱ्या बाजूला तौफिक मुलाणी. सातवीचा वर्ग, शनिवारची सकाळची शाळा, आणि पडद्यावरच्या प्रांजलनं नुकतंच सगळ्या वर्गाला सांगून टाकलं होतं की आपल्या शाळेचं आवार बत्तीस गुंठे आहे.

आता आमच्या गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल की शाळेचं आवार चाळीस गुंठे, म्हणजे बरोबर एक एकर. शाळेच्या दारावर तशी फरशीच बसवलेली. 'श्री. धोंडीराम रावजी इंगवले यांनी या शाळेस एक एकर जमीन दान दिली, १९६१.' हे धोंडीराम म्हणजे प्रांजलचे पणजोबा. त्यांचे चिरंजीव महिपती इंगवले, म्हणजे प्रांजलचे आजोबा, आमच्या शाळा समितीचे अध्यक्ष. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं. पाण्याची टाकी आबांनी बसवून दिली, संगणक आबांनी आणवला, आणि ज्या टीव्हीवर त्यांची नात बत्तीस गुंठे म्हणाली तो टीव्हीही आबांनीच दिलेला. दर सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं की ते भाषण करायचे आणि भाषणात एक वाक्य ठरलेलं असायचं, माझ्या बापानं पोटाला चिमटा काढून एकर दिला. पोरं ते वाक्य त्यांच्याबरोबर ओठ हलवून म्हणायची.

प्रांजलनं विषयच त्यासाठी घेतला होता. एक एकर म्हणजे खरंच केवढा असतो ते मोजून दाखवायचं, शेवटी कॅमेरा फरशीवर न्यायचा, पणजोबांच्या नावावर थांबवायचा, आणि सव्वीस जानेवारीला आबांच्या पुढ्यात हा व्हिडिओ लावायचा. मला ती कल्पना इतकी आवडली होती की मी हेडसरांना आधीच सांगून ठेवलं होतं.

हे व्हिडिओचं खूळ माझंच. त्या वर्षी जिल्ह्याला एक प्रशिक्षण झालं. आमच्या शाळेतून कुणी जायला तयार नव्हतं, म्हणून मला पाठवलं. मी कपाळाला आठ्या घालून गेले आणि डोक्यात किडा घेऊन परत आले. मी सांगितलेलं गणित पोरं ऐकतात आणि विसरतात, पण तेच गणित कॅमेऱ्यापुढं उभं राहून दुसऱ्याला समजावायचं म्हटलं की रात्री झोपेतसुद्धा घोकतात. तिघातिघांचे गट पाडले. घरातला एखादा मोबाइल, एक गणित, तीन मिनिटं. मात्र माझा एक नियम होता. आधी वहीत सगळं लिहायचं, काय बोलणार, काय दाखवणार, उत्तर काय येणार. त्यावर माझी सही झाली की मगच शूटिंग. चुकीचं गणित एकदा मोबाइलमध्ये गेलं की गावभर फिरतं, अशी माझी भीती. या तिघांच्या वहीत उत्तर लिहिलं होतं, चाळीस गुंठे. खाली माझी सही.

"वहीत चाळीस लिहिलंयत," मी म्हटलं. "पडद्यावर बत्तीस कुठून आले?"

बिरूनं उत्तर दिलं. त्याचा चुलता गवंडी, टेप त्याची. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद चौकोन म्हणजे एक गुंठा, तो त्यांनी मैदानावर चुन्याच्या फक्कीनं आखून दाखवला होता आणि आत पहिलीची सगळी पोरं बसवली होती. ते दृश्य खरंच छान होतं. असे चौकोन आवाराच्या लांबीत आठ बसले. रुंदीत चार. आठ चोक बत्तीस.

"रुंदीत पाच बसले पाहिजेत," मी म्हटलं.

"न्हाई बसत, बाई."

"बसवा."

वर्ग खदाखदा हसला. मीही थोडी हसले, हे आज सांगायला लाज वाटते. माझा स्वभाव तेव्हा तिखट होता. आताही आहे, पण निवृत्त झाल्यापासून ऐकून घ्यायला समोर कुणी बसत नाही. मी लाल पेननं त्यांच्या वहीत लिहिलं, 'मोजणी निष्काळजी. पुन्हा करा.' आणि पुढच्या गटाचा व्हिडिओ लावला.

शाळा सुटेपर्यंत त्या तिघांचं नाव बत्तीस गुंठे पडलं होतं. बिरू एकाच्या अंगावर धावून गेला. तौफिक मोबाइल खिशात कोंबून निघून गेला. मी स्कूटीला किल्ली लावत होते तेव्हा प्रांजल येऊन उभी राहिली. रडली असेल असं मला वाटलं होतं. तसलं काही नव्हतं. डोळे कोरडे, आणि कपाळावर आबांसारखीच आठी.

"बाई, आमी तीनदा मोजलं. उद्या रविवार हाय. तुमी येता का मोजायला?"

एवढंसं पोर मला आव्हान देतंय, असंच मला वाटलं. येते म्हटलं. आणि चूक सापडली तर सव्वीस जानेवारीला तुमचा व्हिडिओ लागणार नाही, हेही सांगून टाकलं. ती बरं म्हणाली.

रविवारी मी गेले ती त्यांची चूक पकडायलाच. सगळ्यात आधी टेप बघितली, कारण गवंड्यांच्या टेपचा पहिला फूट पुष्कळदा तुटलेला असतो आणि माणसं तशीच मोजत राहतात. टेप धड होती. मग शून्याचं टोक मी स्वतः धरलं. लांबी भरली दोनशे चौसष्ट फूट. तेहतीस अठ्ठे दोनशे चौसष्ट, बरोबर आठ गुंठ्यांची. मग रुंदी. रस्त्याच्या कडेपासून आबांच्या डाळिंबाच्या बागेच्या तारेपर्यंत. एकशे बत्तीस. मी म्हटलं, टेप ढिली पडली असेल. परत ताणली. एकशे बत्तीस. मैदानाच्या मधोमध मोजलं, दुसऱ्या टोकाला मोजलं. तेहतीस चोक एकशे बत्तीस, त्याच्या पुढं टेप जाईना. पाचवा गुंठा तारेपलीकडं जात होता.

घाम पुसत मी तारेशी उभी राहिले. मोजणीत चूक नव्हती, आणि चूक नसली तर मग काय होतं, हे माझ्या डोक्यात शिरायला वेळ लागत होता. मी शहरात वाढलेली. त्या तिघांना ते कधीच कळलं असावं.

तेव्हा तौफिकनं मोबाइल पुढं केला. हा मुलगा आधीच कमी बोलायचा. त्यानं शुक्रवारी पाण्याच्या टाकीवर चढून एक शॉट घेतला होता, सगळं आवार एका नजरेत दिसावं म्हणून. तो व्हिडिओत शेवटी वापरला नव्हता. त्यात आमचं मैदान दिसत होतं, पांढरट मुरमाचं. मग तार. तारेपलीकडं डाळिंबाच्या ओळी. आणि पहिल्या दोन ओळींखालची जमीन तशीच पांढरट मुरमाची होती. काळी माती तिसऱ्या ओळीपासून सुरू होत होती, अगदी पट्टीनं रेघ मारल्यासारखी. त्या दोन ओळींतली झाडंही बाकीच्यांपेक्षा खुजी होती.

"बांध कोरलाय," बिरू हळूच म्हणाला.

शेजारच्या रानाचा बांध दर नांगरटीला नांगराच्या फाळानं थोडा थोडा कापत जायचा, की दहा-वीस वर्षांत आपलं रान वाढतं आणि शेजाऱ्याचं आटतं. याला आमच्याकडं बांध कोरणं म्हणतात. यावरून सख्ख्या भावांत डोकी फुटतात, कोर्टात पिढ्या जातात. पण डोकं फोडायला समोर कुणी शेजारी लागतो ना. शाळेला कोण होतं? आमच्यासारख्या बाया आणि मास्तर चार वर्षांसाठी येतात, मुरमाचं मैदान बघतात, फरशी वाचतात आणि बदली होऊन जातात.

म्हणजे पणजोबांनी जो एकर दिला, त्यातला तेहतीस फुटांचा पट्टा, आठ गुंठे, त्यांच्याच घरच्या नांगरानं परत गेला होता. आणि हे आमच्यासमोर मोजून काढलं होतं ते त्यांच्याच पणतीनं. मी प्रांजलकडं बघितलं. ती टेप गुंडाळत होती, एकेक वेढा नीट बसवून. त्या दोन ओळींतली डाळिंबं ती लहानपणापासून तोडून खात आली असणार. मला एकदम तिची काळजी वाटली. आणि स्वतःचा इतका राग आला की स्कूटीला लाथ मारताना पाय दुखावून घेतला.

सोमवारी पहिल्या तासाला मी सातवीच्या वर्गात उभी राहिले आणि सांगितलं की शनिवारी मी चूक केली. ह्या तिघांची मोजणी बरोबर आहे, मी स्वतः मोजून आले. चुकलं ते माझं, मोजण्याआधीच उत्तर लिहून घेतलं आणि फरशी वाचून सही ठोकली. वहीतला लाल शेरा मी सगळ्यांसमोर खोडला. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मी वर्गापुढं असं कधी बोलले नव्हते. पोरं मात्र फार शहाणी असतात. कुणी हसलं नाही, कुणी विचारलंही नाही की मग आठ गुंठे कुठं गेले. सगळी शेतकऱ्यांचीच लेकरं. ज्यानं त्यानं मान खाली घातली.

आमचे हेडसर म्हणजे गुरव सर, देवमाणूस, पण भित्रे. त्यांना सांगितल्यावर त्यांनी आधी खोलीचं दार लावलं. मग लोखंडी कपाटातून जुनी फाइल काढली. धोंडीराम इंगवल्यांचं बक्षीसपत्र त्यात होतं, खाली मोडीतली सही. जमीन लांबी फूट दोनशे चौसष्ट, रुंदी फूट एकशे पासष्ट. सरांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत वाचलं आणि फाइल होती तिथं ठेवून कपाटाला कुलूप लावलं.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं. आबा आहेत म्हणून ही शाळा उभी आहे. पुढच्या वर्षी दोन खोल्या मंजूर करून आणायचं त्यांनी कबूल केलंय. आठ गुंठ्यांसाठी त्यांना भर गावात उघडं पाडायचं, तेही सव्वीस जानेवारीला, तेही नातीच्या तोंडून? पोरांना गुणाकार आला ना, झालं तर मग. तो तौफिक मोबाइलवर आवाज बदलतो म्हणे. एक आकडा बदला. बत्तीसच्या जागी चाळीस. एका मिनिटाचं काम आहे.

मी त्यांच्याशी भांडले असं मला सांगता आलं असतं तर किती बरं झालं असतं. मी भांडले नाही. मलाही ते पटलं. पटलं म्हणजे सोयीचं वाटलं. मधल्या सुट्टीत मी तिघांना बोलावलं आणि फार गोड आवाजात, जो मला अजिबात शोभत नाही, सांगितलं की आपण उत्तर फरशीवरचंच ठेवू या. नाहीतरी मूळ दान एक एकरच होतं, त्यामुळं ते खोटं होणार नाही.

बिरूनं प्रांजलकडं बघितलं. तौफिकनं प्रांजलकडं बघितलं. त्या दोघांनी निकाल तिच्यावर सोडला होता आणि ते बरोबरच होतं, कारण घर तिचं होतं.

"मग टेप कशाला आणली, बाई?" ती म्हणाली.

मी त्यांची वही उगाच चाळायला लागले.

"फरशी वाचायची हुती तर टेप कशाला पायजे हुती? व्हिडिओ लावायचा तर मोजलंय तसाच लावा. न्हाईतर नका लावू." मग जरा थांबली. "आन् आबांना आधी मी दाखवते. तुमी न्हाई सांगायचं. त्यास्नी हितं सगळ्यांम्होरं पयल्यांदा कळलं तर ते मरून जातील."

तेरा वर्षांची पोर. मी बरं म्हटलं.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली तेव्हा मी तिला व्हरांड्यातच गाठलं. तिनं सांगितलं ते असं. तौफिकचा मोबाइल घेऊन ती संध्याकाळी बागेत गेली. आबा ठिबकच्या नळ्या बघत होते. त्यांनी उभ्या उभ्या व्हिडिओ बघितला, पुन्हा एकदा लावायला सांगितला, मग तो टाकीवरचा शॉटही बघितला. मोबाइल परत दिला आणि नळ्या बघायला लागले. रात्री जेवले नाहीत. आजीनं विचारलं तर पोट बरं नाही म्हणाले.

"तुला रागावले?"

"न्हाई. माझ्याशी बोललेच न्हाईत."

आणि ते पुढचे सहा दिवस बोलले नाहीत. रोज सकाळी शाळेत चक्कर मारणारे आबा त्या आठवड्यात शाळेकडं फिरकले नाहीत. गावात कुजबुज सुरू झाली होती, सातवीच्या पोरांनी घरोघरी सांगितलंच असणार. गुरव सरांचा रक्तदाब वाढला. ते दर दोन तासांनी मला येऊन विचारायचे, बाई, नक्की लावायचा का? आणि मी लावायचा म्हणायचे. आतून माझी गाळण उडाली होती. आबा दुरावले तर शाळेच्या खोल्या जातील, ते मी सोसलं असतं. पण त्या पोरीशी तिचा आजोबा कायमचा बोलायचा बंद झाला तर? खरं उत्तर काढलं म्हणून? मग मी आयुष्यभर कुठल्या तोंडानं पोरांना म्हणणार होते की नीट मोजा? शुक्रवारी मी प्रांजलला म्हटलंसुद्धा की नको वाटत असेल तर राहू दे, तुला कुणी काही म्हणणार नाही. तिनं नको म्हटलं नाही आणि हो म्हटलं नाही. तिनं विचारलं, टीव्ही व्हरांड्यात लावला तर उन्हानं दिसंल का.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदनाला आबा आले. पांढरं धोतर, पांढरा सदरा, कडक इस्त्रीचा फेटा, दरवर्षीसारखेच. झेंडा त्यांच्याच हातानं फडकला. राष्ट्रगीत झालं. गुरव सरांनी अध्यक्षांना दोन शब्द बोलायची विनंती केली. पोरांनी सवयीनं ओठ तयार ठेवले, पोटाला चिमटा काढून म्हणायला.

आबा उठले, माइकपाशी आले आणि म्हणाले, "आधी पोरांचा व्हिडिओ लावा. मग बोलतो."

व्हरांड्यातल्या टीव्हीभोवती गाव गोळा झालं. ऊन लागू नये म्हणून बिरू आणि आणखी तिघांनी मागून सतरंजी ताणून धरली. व्हिडिओ सुरू झाला. फक्कीचा चौकोन, आत मांडी घालून बसलेली पहिलीची पोरं, त्यावर बायका हसल्या. मग आठ. मग चार. मग पडद्यावरची प्रांजल कॅमेऱ्यात बघून म्हणाली, म्हणून आपल्या शाळेचं आवार बत्तीस गुंठे आहे. आणि ठरवल्याप्रमाणं कॅमेरा फरशीवर गेला. एक एकर. पणजोबांचं नाव. तिथं संपला.

एवढी दोनअडीचशे माणसं जमलेली. सगळे आबांकडं बघत होते. काही जण त्यांच्याकडं बघायचं टाळत होते.

आबा माइकपाशी गेले. "मोजणीत चूक हाय," ते म्हणाले.

प्रांजल टीव्हीशेजारी उभी होती. ती जागची हलली नाही. बिरूच्या हातातली सतरंजी सुटली. मी पुढं झाले. भर गावात अध्यक्षांशी भांडायची वेळ आली तर भांडायचं, बदली झाली तर झाली, असं मनाशी म्हणतच पुढं झाले. मागून गुरव सरांनी माझा पदर धरला, खरंच धरला.

"पोरांनी तारेपासनं मोजलं," आबा म्हणाले. "तार मी लावलीया. बाग केली तवा. हद्द तारेवर न्हाई. हद्द कुठं हाय ते मला ठावं हाय. या माझ्यामागं."

आणि फेटा सावरत ते निघाले. सरळ मैदान ओलांडून तारेपर्यंत. तारेचं फाटक त्यांनी उघडलं आणि बागेत शिरले. त्यांच्यामागं प्रांजल, तिच्यामागं टेप घेऊन बिरू, मोबाइल वर धरून तौफिक, मग मी, मग अख्खं गाव, कडेवरची पोरं, काठ्या टेकणारे म्हातारे. पहिली ओळ ओलांडली, दुसरी ओलांडली. तिसऱ्या ओळीच्या अलीकडं आबा थांबले. एका झाडाखालचा पालापाचोळा आणि माती त्यांनी पायानं बाजूला केली, मग खाली बसून हातानं उकरली. खाली दगड होता. घडवलेला, चौकोनी, वर छिन्नीनं कोरलेली फुली. हद्दीचा दगड. त्यांनी तो उपटून टाकला नव्हता. त्यांच्या वडिलांनीही टाकला नव्हता. नुसता बुजवला होता.

"हितं धर," त्यांनी प्रांजलला सांगितलं.

सहा दिवसांनी ते तिच्याशी बोलले ते हे दोन शब्द. प्रांजल वाकली आणि शून्याचं टोक तिनं दगडाच्या फुलीवर दाबून धरलं. बिरू टेप सोडत मैदानातून पळत सुटला. शंभर फुटांवर खूण केली. प्रांजल धावत खुणेपाशी गेली, पुन्हा शून्य टेकवलं. रस्त्याच्या कडेला बिरू गुडघ्यावर बसला, टेप ताणली, वाकून आकडा बघितला आणि ओरडला ते बागेत उभ्या असलेल्या आबांपर्यंत ऐकू गेलं.

"पासष्ट. एकशे पासष्ट, बाई. पाच बसले."

टाळ्या कुणी सुरू केल्या मला माहीत नाही. बहुतेक सातवीनंच. पण मग त्या थांबेनातच. म्हातारे काठ्या आपटायला लागले. पोरं आठापंचे चाळीस, आठापंचे चाळीस असं ओरडत त्या दोन ओळींतून धावत सुटली. गुरव सर रडत होते आणि हसत होते आणि तेवढ्यात मला म्हणत होते की त्या परत मिळालेल्या पट्ट्यात खो-खोचं मैदान छान होईल. मीही रडले, कशाला लपवू. प्रांजल धापा टाकत माझ्याकडं आली तेव्हा मी तिला उचलायला गेले, पण तेरा वर्षांची पोर मला उचलेना. मग नुसतं घट्ट धरलं.

आबा मात्र त्या दगडापाशीच उभे होते. हाताला माती लागलेली. गर्दी जरा पांगली तशी प्रांजल त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं आता ती त्यांच्या पाया पडेल, किंवा ते तिला जवळ घेतील. तसलं काही झालं नाही.

"आबा," ती म्हणाली, "आता व्हिडिओचा शेवट बदलायला लागंल. तुमी बोलाल का?"

तौफिकनं मोबाइल आडवा धरला. आबांनी सदऱ्याला हात पुसले आणि बोलायला लागले. माझ्या बापानं हा एकर शाळेला दिला, असं म्हणाले आणि तिथंच अडले. तौफिक म्हणाला, परत. दुसऱ्या वेळी पुढं गेले. दर नांगरटीला नांगराचा एक फेरा शाळेच्या बाजूनं जास्त मारायचा, बापानं मारला आणि त्याच्यामागं मीबी मारला, इथपर्यंत आले, तोच वाऱ्यानं मोबाइलमध्ये नुसती खरखर भरली. परत, तौफिक म्हणाला. अध्यक्षांना एक सातवीतला पोरगा परत परत म्हणत होता आणि अध्यक्ष ऐकत होते. उन्हात त्यांचा फेटा सुटायला आला होता. मी म्हटलं, राहू दे आता, पुरे झालं. त्यावर त्यांनी माझ्याकडं हात केला, गप राहा म्हणून.

तिसऱ्या वेळी ते एकाही शब्दावर अडले नाहीत.

"माझ्या बापानं शाळेला एक एकर दिला. मग त्यातलं आठ गुंठं आमी बापलेकांनी चोरलं. इतकी वरसं कुणाला दिसलं न्हाई. माझ्या नातीनं टेप लावून काढलं. आजपास्नं हितली सगळी झाडं शाळेची. मोजायला शिका, पोरांनो. आन् मोजल्यावर आकडा बदलू नका."

प्रांजलनं मोबाइलमध्ये डोकं घालून आवाज नीट आलाय का ते ऐकलं, शेवटपर्यंत. मग मान वर केली.

"बराबर हाय, आबा," ती म्हणाली. "आता चला जेवायला."